कंसाआधीची मोकळी जागा

कूलरच्या जाळीत नवी खस भरून पहिल्यांदा पाणी सोडलं, की घरभर एक ओला, गवताळ वास पसरतो. त्या वासाने कुणाला आंबे आठवत असतील, कुणाला शाळेच्या सुट्ट्या. मला कंस आठवतात. साधे कंस, महिरपी कंस आणि कंसाच्या आधी न चुकता सोडायची एक मोकळी जागा. हे मी कुणाला सांगितलं की आई कपाळावर हात मारून घेते. पण त्यात माझा काय दोष? ज्या उन्हाळ्यात बाबांची वाचा गेली, तो सगळा उन्हाळा मी त्यांच्या उशाशी बसून कंसच सरळ करत होते.

यंदाचाही वैशाख तसाच आला आहे. बऱ्हाणपूरचा वैशाख लाजत-बुजत येत नाही, दार ढकलूनच आत येतो. लालबागमधल्या आमच्या घरासमोरून सकाळी केळीच्या घडांनी भरलेल्या गाड्या जातात, वरून केळीचीच पानं पांघरलेली. ऊन चढलं की रस्ता रिकामा होतो आणि मग गल्लीत फक्त कूलरची घरघर उरते. त्या घरघरीत बसून मी काल पुन्हा काही फाइली नीट केल्या आणि पाठवून दिल्या. पाठवताना त्या वर्षीचं सगळं एकामागोमाग एक आठवत गेलं.

बाबा म्हणजे सर. शहरात त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकवलं आणि संध्याकाळी घरी येताना ते शाळा बरोबर घेऊन यायचे. आमच्याकडे मराठी बोलता बोलता हिंदी कधी आत शिरते आणि कधी बाहेर पडते, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. बाबांच्या यायचं. आई गावातल्याच शनवारा भागातल्या व्यापारी घरातली. 'मी भाजी बनवून राहिले', 'जल्दी या' हे तिच्या तोंडात बसलेलं. बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त एक बोट वर करायचे. आई वाक्य पुन्हा म्हणायची, अगदी पुस्तकातल्यासारखं, मुद्दाम नाक वर करून. मग दोघंही हसायचे. रागावण्याचा त्यात काही संबंध नव्हता, तो त्यांचा लाडाचा खेळ होता.

त्यांचा आणखी एक खेळ होता. आई सगळ्यांना वाढून, सगळ्यांचं आवरून मग जेवणारी. मधेच शेजारीण आली किंवा वाळत घातलेल्या पापडांची आठवण झाली, की तिचं जेवण राहून जायचं आणि विचारलं तर बिनदिक्कत 'झालं की' म्हणून ती मोकळी. बाबा घरी आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, तुझं जेवण झालं का? ती म्हणायची, झालं. मग बाबा म्हणायचे, "हात दाखव." आई हात पाठीमागे लपवायची. जेवलेलं माणूस हात धुतं. तिच्या बोटांना भाकरीचं पीठ तसंच वाळलेलं असायचं, नखांच्या कडेला, बांगड्यांच्या खाली. पकडली गेली की बाबा स्वतः तिचं ताट वाढायचे आणि ती जेवेपर्यंत समोर पेपर वाचत बसायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी बायकांचे हात असे तपासतात.

हे पुस्तकासारखं बोलणारे बाबा मूळचे जवळच्या दापोरा गावचे, केळीच्या बागेत वाढलेले. शहराच्या शाळेत आले तेव्हा त्यांच्या 'मले-तुले'ला सगळा वर्ग हसला होता, एवढंच त्यांनी एकदा मला सांगितलं. त्यानंतर त्यांनी आपलं बोलणं असं काही घासूनपुसून काढलं, की पुढे कुणाला ते पुण्याचे वाटायचे. आम्ही दापोऱ्याला गेलो की ते त्यांच्या आईशी मागच्या अंगणात हळू आवाजात तिच्या बोलीत बोलायचे. आमची आई चहा घेऊन आली की वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा सर व्हायचे. मी पोर म्हणून तिथेच खेळत असायचे, त्यामुळे मला ती बोली ऐकून ठाऊक होती. आईला नव्हती. तिच्या वाट्याला नेहमी धुतलेले, इस्त्री केलेले बाबाच आले.

त्या वर्षी चैत्र संपता संपता बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेले. मी पुण्याहून निघून आले. हात हळूहळू हलायला लागला, पण तोंडून शब्द येईना. रुग्णालयात वाचेचे व्यायाम घेणारी एक तरुण मुलगी होती, इंदूरकडची, हिंदी बोलणारी. तिने आम्हाला समजावलं, की शब्द मेलेले नाहीत, त्यांची वाट तेवढी मोडली आहे. जे येतील ते येऊ द्या. फक्त त्यांना गप्प बसू देऊ नका, कारण गप्प बसायची सवय लागली की परत फिरणं कठीण. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

रजा होती, तरी रिकाम्या हाताने बसणं मला जमत नाही. माझा धंदा प्रोग्राम लिहिण्याचा आणि फावल्या वेळात मी एका डीबगरचं थोडंफार काम करते. डीबगर हाही एक प्रोग्रामच. तो दुसऱ्या चालत्या प्रोग्रामला मधेच थांबवतो आणि म्हणतो, थांब, आत्ता तुझ्या हातात काय आहे ते दाखव. त्यावरून चूक कुठे होते ते शोधायचं. आमचा डीबगर जुना आहे, फुकट वापरता येणारा आणि जगभरच्या माणसांनी आपापल्या सवडीने लिहिलेला. शंभर हातांनी लिहिलेलं, म्हणून शंभर वळणांचं. कुणी कंसाआधी जागा सोडलेली, कुणी नाही. कुणी ओळ चार घरं आत ढकललेली, कुणी आठ. यंत्राला त्याचं काही वाटत नाही. ते कसंही लिहिलेलं तितक्याच मुकाट्याने चालवतं. वाचणाऱ्या माणसाला मात्र ठेच लागते. म्हणून सगळ्यांनी मिळून लिहिण्याच्या वळणाचे काही नियम ठरवले आहेत आणि जुनं लिखाण त्या नियमांत बसवायचं काम निघत असतं.

या कामाला कुणी हौसेने हात लावत नाही. त्यात नाव नाही, बुद्धीची चमक नाही. तांदूळ निवडण्यासारखं ते काम आहे. मला तेव्हा नेमकं तेच हवं होतं. बाबा खाटेवर डोळे मिटून पडलेले, कूलरचा गारवा त्यांच्या पायांवर, आणि मी खाली सतरंजीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेका कंसाआधी एकेक जागा सोडत बसलेली. अवघड काही करायला डोकं जागेवर नव्हतं. पण एखादी वाकडी ओळ सरळ झाली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

माझं काम तपासायला दूर देशातला यान नावाचा एक वयस्क गृहस्थ होता. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तो दोन ओळींच्या वर लिहीत नाही आणि त्या दोन ओळींतही मऊपणा शोधावा लागतो. त्याने मला सुरुवातीलाच बजावलं होतं, की वळण सुधारताना प्रोग्रामच्या वागण्यात तिळभरही फरक पडता कामा नये. चूक दिसली तरी तिला आत्ता हात लावायचा नाही, ते वेगळं काम. आणि खात्री कशी करायची? सुधारण्याआधी लिहिलेल्या ओळींपासून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम एकदा बांधून ठेवायचा, सुधारल्यावर पुन्हा बांधायचा आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहायचे. काही फरक असेल तर संगणक तो दाखवतो. फरक नसेल तर तो काहीच बोलत नाही.

एका दुपारी मी असंच काही ताडून पाहत होते. तेवढ्यात मागून आवाज आला. "मले पानी दे."

मी उठले तशी मांडीवरचा लॅपटॉप सतरंजीवर पालथा पडला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिने त्यांना पाणी पाजलं आणि संध्याकाळी गल्लीत मावा-जलेबी वाटली. दुसऱ्या दिवशी बाबांनी कूलर बंद करायला सांगितलं, "मले थंडी वाजू राह्यली." मग भूक आली, डास आले, खिडकी आली. शब्द येत होते, पण येणारा प्रत्येक शब्द दापोऱ्याचा होता. शाळेतला एकही नाही. जी बोली त्यांनी इतकी वर्षं घासून काढली होती, ती तळाशी तशीच होती, आणि वरचं सगळं पुसलं गेलं होतं.

आईचा आनंद हळूहळू मावळला. तिने त्यांना वाक्यं परत म्हणायला लावायला सुरुवात केली. 'मला पाणी दे' असं म्हणा ना. बाबा प्रयत्न करायचे. ओठ जुळायचे, कपाळावर घाम यायचा, शब्द अर्ध्यात अडकायचा. मग ते मान फिरवून घ्यायचे आणि पाणी तसंच राहायचं. मी आईला म्हटलं, की त्या इंदूरच्या मुलीने जे येईल ते येऊ द्या म्हणून सांगितलं आहे. आई म्हणाली, तिला काय माहीत, सर कसे बोलायचे ते.

माणसं भेटायला यायची. सुनील नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी बँकेतून जेवणाच्या सुटीत दर दोन-चार दिवसांनी यायचा, कधी डझनभर केळी, कधी पपई घेऊन. आई त्याला दारातूनच परत पाठवायची. "सर आराम करून राहिले, बाद में या." पिशवी घ्यायची आणि दार लोटायची. बाबा आत टक्क जागे असायचे. सुनीलचा आवाज ऐकून उठून बसायची धडपड करायचे, आणि दार लागलं की पुन्हा आडवे व्हायचे.

एकदा मी न राहवून विचारलंच, की सुनीलला आत का येऊ देत नाहीस. ती पापडाच्या डब्याचं झाकण उगीच लावत-काढत राहिली. म्हणाली, त्यांची सगळी इज्जत बोलण्यात होती, तीच मी लोकांना अशी दाखवू? आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला हे ओळखूच येत नाहीत गं. माझं लग्न झालं ते या माणसाशी नाही."

माझी आई नवऱ्याच्या खाटेशेजारी बसून नवऱ्याची वाट पाहत होती.

आणि बाबा गप्प होत चालले. बोललेलं प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणून दाखवायचं असेल तर माणूस बोलेल कशाला? आधी वाक्यं गेली, मग शब्द. पाणी हवं तर ते तांब्याकडे बोट दाखवू लागले. कूलर हवा-नको हे मानेने सांगू लागले. तेच बोट, जे एकेकाळी आईला हसवायचं. इंदूरच्या मुलीने तपासून झाल्यावर मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ये पिछली बार से कम बोल रहे हैं. घर में कुछ हुआ क्या?" मी काही झालं नाही म्हटलं. रिक्षातून येताना बाबा बाहेर बघत होते आणि आई त्यांच्याकडे. दोघांच्या मधे बसून मला जीव नकोसा झाला. असंच चाललं तर पावसाळा लागेपर्यंत ते पूर्ण मुके होतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्या दिवसांत माझ्या हाती डीबगरची एक कोपऱ्यातली फाइल लागली. तिच्यात सगळंच निराळं होतं. कंस भलत्या जागी, नावं भलत्या वळणाची, ओळी आमच्या कुठल्याच नियमात न बसणाऱ्या. मी खूशच झाले. एवढं घसघशीत निवडायला मिळालं की तेवढा वेळ आईबाबांकडे बघायला नको. तीन-चार दुपारी खपून मी ती आरशासारखी लख्ख केली. आधीचं आणि नंतरचं ताडून पाहिलं, संगणक काही बोलला नाही. शाबासकीच्या आशेने यानला पाठवली.

त्याने ती परत केली. या खेपेला त्याने दोनाच्या चार ओळी लिहिल्या होत्या. ही फाइल आपल्याकडे जन्मलेली नाही, ती दुसऱ्या एका प्रकल्पातून आली आहे आणि त्या घरच्या वळणाने लिहिलेली आहे. तिच्यासाठीच्या दुरुस्त्या अजूनही तिकडूनच येत असतात. तिला आपल्यासारखी केलीस तर तिकडून आलेलं काहीच तिला बसणार नाही आणि मग तिला आपण एकट्याने सांभाळू शकणार नाही. म्हणून ती आहे तशी राहू दे.

मी ते पत्र कितीतरी वेळ वाचत बसले. खाटेवर बाबा तांब्याकडे बोट दाखवत होते. त्यांच्याकडे जे काही परत येत होतं ते दापोऱ्याहूनच येत होतं. केळीच्या बागेतून, त्यांच्या आईच्या अंगणातून, शाळेचं तोंड पाहण्याआधीच्या दिवसांतून. दुसरीकडून यायला वाटच उरली नव्हती. आणि आम्ही तेवढीच वाट बंद करायला निघालो होतो, तीही मायेने.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती, तिच्याजवळ बसून मी तिला ही गोष्ट सांगितली. बाबांचं नाव काढलं नाही. फक्त फाइलीची गोष्ट, कुठून आली, मी कशी सरळ केली, यानने कशी परत पाठवली. आईला माझ्या कामातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची तिला हौसही नाही. पण ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिने विचारलं, "पण ती तशी वाकडीतिकडी असून चालते का?"

"चालते की. पहिल्यापासून नीटच चालते आहे."

आईने पुढची भाकरी थापायला घेतली.

माणसाचं वळण कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. बाबांनी ती शुद्ध मराठी कष्टाने मिळवली होती, ती खोटी होती असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. त्या मराठीवर आम्ही वाढलो. आईला तिची ओढ होती यात तिची काय चूक? ज्या आवाजाने प्रेम केलं तो आवाज हवासा वाटणारच. पण कधी कधी वाटतं, की आपण ज्याला माणूस म्हणतो ते शब्दांत नसून तो जे पुन्हा पुन्हा करत राहतो त्यात असतं. कशाला थांबतो, कुणाकडे आधी बघतो, काय विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. हे मला तेव्हा सुचलेलं नाही. काल फाइली पाठवताना सुचलं. तेव्हा मी नुसती बघत होते.

फाइलीची गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईने बाबांना मऊ भात आणि वरण भरवलं. तोंड पुसलं, उशी नीट केली आणि ती ताटवाटी उचलून निघाली. वीज गेली होती, कूलर बंद होता, त्यामुळे घरात इतकी शांतता होती की बाहेरच्या कडुलिंबावरचा कावळा ऐकू येत होता. बाबांचे ओठ हलले. किती दिवसांनी हलले असतील. आवाज घोगरा आला.

"जेवली का वं तू?"

आई दारात थांबली. मला वाटलं, आता ती म्हणणार, 'तुझं जेवण झालं का' असं म्हणा. तिने वळून बाबांकडे पाहिलं. बाबा मात्र तिच्या तोंडाकडे नाही, तिने हातात धरलेल्या ताटाकडे बघत होते.

"झालं की," आई म्हणाली.

"हात दाखव."

आईच्या हातून वाटी खाली पडली आणि गरगरत खाटेखाली गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. आईने ताट खाली ठेवलं, खाटेच्या कडेला बसली आणि दोन्ही हात बाबांच्या पुढे केले, तळवे वर. मी त्या हातांकडे पाहिलं. डाव्या हाताच्या बोटांना भाकरीचं पीठ वाळलेलं होतं. नखांच्या कडेला, बांगड्यांच्या खाली. बाबांनी आपल्या बऱ्या हाताने तिचं एक बोट धरलं आणि मान हलवली, चोर सापडल्यावर हलवतात तशी. आधीचं आणि नंतरचं मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. फरक नव्हता.

आई रडत होती. तिला बहुधा ते कळतही नव्हतं, कारण ती हसतही होती. मी उठून तिचं ताट वाढलं आणि तिथेच खाटेजवळ आणून दिलं. तिने हात धुतले, खाली बसून जेवायला सुरुवात केली आणि बाबा उशीला टेकून पहारा देत बसले. पेपर तेवढा हातात नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेरून सुनीलने हाक मारली. मी आईकडे पाहिलं. तिचा हात उष्टा, तोंडात घास. ती उठली नाही. मानेनेच तिने मला दार उघडायला सांगितलं.

"कोन हाये वं?" बाबांनी विचारलं.

"तुमचा विद्यार्थी आहे," आई म्हणाली. "बोला त्याच्याशी." आणि तिने पुढचा घास घेतला.